न्यायासनाचा अधिकार : सरन्यायाधीश जॉन मार्शल

राज्यशास्त्राच्या वर्गावर राज्यघटना शिकवू लागल्यापासून एक प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी विचारला जातो. मूलभूत हक्कांचे प्रकरण संपते, सर्वोच्च न्यायालयाचे अधिकार फळ्यावर लिहून होतात, आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी उठून विचारते की, सर, न्यायालयाचा हुकूम सरकारने मानलाच नाही तर न्यायालय काय करणार? प्रश्न कधी मराठीत येतो, कधी कन्नड वळणाच्या इंग्रजीत. पण यायचा राहत नाही. पहिली काही वर्षे मी कलमांचे आकडे सांगून वेळ मारून नेत असे. मुले ते वहीत उतरवून घेत. त्यांचे समाधान झालेले नाही हे चेहऱ्यावर दिसे. आणि खरे सांगायचे तर माझेही झालेले नसे.

पुढे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल याचे चरित्र माझ्या वाचनात आले. तेव्हापासून या प्रश्नाला उत्तर म्हणून मी कलम सांगत नाही, एका माणसाची हकीगत सांगतो. तासाच्या पन्नास मिनिटांत ती कधी पुरी होत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

मार्शलचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजी व्हर्जिनियाच्या सरहद्दीकडील भागात, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. पंधरा भावंडांत तो थोरला. वडील टॉमस मार्शल हे जमीन मोजणीचे काम करीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. घरात श्रीमंती नव्हती, पण पुस्तके होती. इंग्रजी कायद्यावरील ब्लॅकस्टोनच्या ग्रंथाची पहिली अमेरिकन आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या वर्गणीदारांत टॉमस मार्शल यांचे नाव होते. मुलाने वकील व्हावे अशी बापाची इच्छा असावी. शाळेत जाऊन असे शिक्षण मार्शलला सुमारे वर्षभरच मिळाले. बाकीचे घरी आणि शिक्षकाजवळ.

इतक्यात स्वातंत्र्ययुद्ध पेटले. विशीतला मार्शल सैन्यात दाखल झाला. ब्रँडीवाइन, जर्मनटाउन, मॉनमथ या लढायांत तो होता. परंतु त्याच्या मनावर खोल ठसा उमटला तो लढाईचा नव्हे, तर १७७७-७८ च्या हिवाळ्याचा. व्हॅली फोर्ज येथे वॉशिंग्टनच्या सैन्याची छावणी पडली होती. पायांत जोडे नाहीत, अंगावर कांबळी नाहीत, पोटाला अन्न नाही. तेरा राज्ये एकत्र येऊन लढत होती खरी; पण सैन्याला रसद पुरवायची वेळ आली की प्रत्येक राज्य दुसऱ्याकडे बोट दाखवी, आणि काँग्रेस म्हणजे त्यांची मध्यवर्ती सभा, तिच्याजवळ कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ज्या सत्तेला केवळ विनंती करता येते, तिच्या भरवशावर माणसे थंडीत मरतात हे या तरुणाने डोळ्यांनी पाहिले. पुढच्या आयुष्यात बलवान संघराज्याचा त्याने जो कैवार घेतला त्याचे मूळ या बर्फात आहे.

सैन्यातून मोकळीक मिळताच १७८० मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात जॉर्ज विथ यांची कायद्यावरील व्याख्याने त्याने थोडे आठवडे ऐकली. कायद्याचे कॉलेजशिक्षण म्हणाल तर एवढेच! त्याची टिपणवही आजही उपलब्ध आहे. तिच्यात कायद्याच्या मुद्द्यांच्या आसपास पॉली अँबलर या मुलीचे नाव पुन्हा पुन्हा गिरवलेले आढळते. (आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मी थोडा सौम्य झालो तो हे वाचल्यापासून.) ३ जानेवारी १७८३ रोजी त्याच पॉलीशी त्याचा विवाह झाला. दहा मुलांपैकी सहाच मोठी झाली. मुलांच्या मृत्यूंनी पॉलीची प्रकृती कायमची खचली. तिला जरासाही आवाज सोसेना. रिचमंडच्या घरात हा गृहस्थ पायांतले जोडे काढून हलक्या पावलांनी वावरे. बाजारहाट स्वतः करी. बाजारात एका नवख्या तरुणाने त्याला गडीमाणूस समजून आपला टर्की कोंबडा घरी पोचवायला सांगितला आणि सरन्यायाधीशाने तो मुकाट्याने पोचवला, अशी एक आख्यायिका सांगतात.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्याकडे न्यायालयांची एकच उतरंड आहे. तालुक्याचे न्यायालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय आणि वर सर्वोच्च न्यायालय. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, दोन्हींचा न्याय याच पायऱ्यांवर होतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे प्रत्येक घटकराज्याची स्वतःची न्यायालये आहेत, अगदी सर्वोच्च न्यायालयासकट, आणि त्यांच्या शेजारी संघराज्याची निराळी न्यायालये आहेत. १७८८ च्या जून महिन्यात नव्या घटनेला मंजुरी द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी रिचमंडला परिषद भरली, तेव्हा पॅट्रिक हेन्रीसारखे वक्ते याच दुहेरी व्यवस्थेवर तुटून पडले. संघाची न्यायालये राज्यांची न्यायालये गिळून टाकतील, अशी त्यांना धास्ती होती. न्यायसंस्थेच्या कलमाचा बचाव करण्याचे काम बत्तीस वर्षांच्या मार्शलने केले. ८९ विरुद्ध ७९ अशा निसटत्या बहुमताने घटना मंजूर झाली.

पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, न्यायव्यवस्थेचा अधिनियम झाला. त्याच्या २५ व्या कलमाने असे ठरवले की, एखाद्या राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने संघाच्या घटनेवर, कायद्यावर किंवा तहावर आधारलेला हक्क नाकारला तर त्यावर संघाच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येईल. दोन्ही न्यायव्यवस्थांना जोडणारा हा एकच पूल होता. विद्यार्थ्यांनी हे कलम लक्षात ठेवावे, कारण पुढची सारी भांडणे या पुलावर झाली.

येथे एक मौज सांगितली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयापुढे वकील म्हणून मार्शल एकदाच उभा राहिला. १७९६ मधील वेअर विरुद्ध हिल्टन या खटल्यात. ब्रिटिश सावकारांचे कर्ज बुडवण्यास मदत करणारा व्हर्जिनियाचा कायदा आणि त्याविरुद्ध संघाने ब्रिटनशी केलेला तह, यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न होता. मार्शल राज्याच्या कायद्याच्या बाजूने बोलला. इतकेच नव्हे तर, घटनेने तसा अधिकार स्पष्टपणे दिल्याखेरीज न्यायालयाला कायद्याची वैधता तपासताच येत नाही, असेही त्याने प्रतिपादन केले. तो खटला तो हरला. अशिलाची बाजू मांडणे निराळे आणि न्यायासनावर बसून निर्णय देणे निराळे, हे खरे. तरी सात वर्षांनी याच माणसाने काय केले ते पाहिले की हसू आल्याशिवाय राहत नाही.

फ्रान्समधील शिष्टाई, काँग्रेसचे सभासदत्व, परराष्ट्रमंत्रिपद या पायऱ्या चढून मार्शल १८०१ च्या प्रारंभी सरन्यायाधीश झाला. ही जागा तेव्हा मोठी मानाची होती असे नाही. जॉन जे यांना ती पुन्हा देऊ केली असता त्यांनी नाकारली होती. या न्यायालयाला ना वजन ना प्रतिष्ठा, असे त्यांचे मत झाले होते. नव्या राजधानीत काँग्रेससाठी भव्य इमारत उभी राहत होती. सर्वोच्च न्यायालयाला मात्र त्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली मिळाली.

मार्शलने पहिला बदल केला तो अगदी साधा. पूर्वी प्रत्येक न्यायाधीश आपापला निकाल स्वतंत्रपणे वाचून दाखवी. लोकांना न्यायालयाचे म्हणणे काय हे नेमके कळत नसे. मार्शलने न्यायालयाचा म्हणून एकच निकाल देण्याची प्रथा रूढ केली. सारे न्यायाधीश वॉशिंग्टनमध्ये एकाच खानावळीत उतरत, एकत्र जेवत आणि जेवणाच्या टेबलावर खटल्यांचा खल करीत. त्यांत विरोधी पक्षाच्या अध्यक्षांनी नेमलेले न्यायाधीश पुढे बहुसंख्य झाले. तरी एकवाक्यता टिकली. हे त्याच्या स्वभावाचे यश होते.

आणि मग मार्बरीचा खटला. निवडणूक हरलेले अध्यक्ष ॲडम्स यांनी जाता जाता काही न्यायाधिकारी नेमले. नेमणूकपत्रांवर सही झाली, शिक्काही उमटला. पण घाईगर्दीत काही पत्रे पोचवायची राहिली. शिक्का मारणारा परराष्ट्रमंत्री दुसरातिसरा कोणी नसून खुद्द मार्शलच होता! (आजच्या संकेतानुसार त्याने या खटल्यापासून दूरच राहायला हवे होते.) नवे अध्यक्ष जेफरसन यांनी राहिलेली पत्रे अडवून धरली. विल्यम मार्बरी याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, परराष्ट्रमंत्री मॅडिसन यांना माझे पत्र देण्याचा हुकूम व्हावा.

आमच्या मागच्या बाकावरचा प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहिला. हुकूम द्यावा तर जेफरसनचे सरकार तो मानणार नाही हे उघड होते, आणि न्यायालयाचे हसे झाले असते. न द्यावा तर न्यायालयाने सरकारपुढे मान तुकवली असे झाले असते. २४ फेब्रुवारी १८०३ रोजी मार्शलने निकाल दिला. मार्बरीला पत्र मिळण्याचा हक्क आहे, आणि हक्क असेल तेथे कायद्याने उपाय असलाच पाहिजे, असे त्याने प्रथम ठरवले. परंतु हा उपाय थेट या न्यायालयात मागता येईल काय? १७८९ च्या अधिनियमाचे १३ वे कलम तशी मुभा देते. घटना मात्र या न्यायालयाची मूळ अधिकारकक्षा ठराविक बाबींपुरतीच मर्यादित करते. साधा कायदा घटनेच्या विरुद्ध गेला तर घटना टिकते आणि कायदा पडतो. म्हणून ते कलम रद्दबातल, आणि मार्बरीचा अर्ज नामंजूर.

यातली खुबी पाहा. न्यायालयाने स्वतःला मिळालेला एक लहान अधिकार नाकारला, आणि तो नाकारताना कायदे घटनेच्या कसोटीवर तपासण्याचा फार मोठा अधिकार प्रस्थापित केला. जेफरसन संतापले, पण मोडण्यासाठी त्यांच्यापुढे हुकूमच नव्हता. त्यानंतर मार्शल बत्तीस वर्षे त्या आसनावर होता, पण काँग्रेसचा दुसरा एकही कायदा त्याच्या न्यायालयाने रद्द केला नाही. शस्त्र एकदा दाखवून त्याने म्यानात ठेवले.

राज्यांच्या बाबतीत मात्र त्याला वारंवार उभे राहावे लागले, आणि सर्वांत कडवा विरोध झाला तो त्याच्या स्वतःच्या व्हर्जिनियातून. फेअरफॅक्स जहागिरीच्या जमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मानण्यास व्हर्जिनियाच्या अपील न्यायालयाने १८१५ मध्ये चक्क नकार दिला. २५ वे कलमच घटनाबाह्य आहे, आम्ही स्वतंत्र राज्याचे न्यायाधीश आहोत, असा त्यांचा पवित्रा होता. मार्शल आणि त्याचा भाऊ यांचा त्या जमिनीत हितसंबंध असल्याने या वेळी तो बाजूला राहिला. १८१६ चा निकाल न्यायमूर्ती स्टोरी यांनी लिहिला : घटना ही राज्यांनी नव्हे, लोकांनी निर्माण केली, तिचा अर्थ प्रत्येक राज्यात निराळा होऊ लागला तर एक देश उरणार नाही.

पाच वर्षांनी कोहेन बंधूंचा खटला आला. फिलिप आणि मेंडिस कोहेन यांनी व्हर्जिनियातील नॉरफॉक शहरात वॉशिंग्टनच्या लॉटरीची तिकिटे विकली. ती लॉटरी काँग्रेसच्या कायद्याखाली निघालेली. व्हर्जिनियात मात्र बाहेरच्या लॉटरीला बंदी. शंभर डॉलर दंड झाला. कोहेन बंधू सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा व्हर्जिनियाने आक्षेप घेतला की, सार्वभौम राज्याने चालवलेल्या फौजदारी खटल्यावर अपील ऐकण्याचा या न्यायालयाला अधिकारच नाही. मार्शलने सविस्तर निकालपत्रात हा आक्षेप फेटाळला. संघाच्या घटनेचा वा कायद्याचा प्रश्न असेल तर खटला कोणत्याही राज्याचा असो, शेवटचा शब्द या न्यायालयाचा. आणि एवढे ठरवून झाल्यावर त्याने दंड कायम केला! लॉटरीचा कायदा फक्त राजधानीपुरता होता, असा त्याने अर्थ लावला. व्हर्जिनियाला शंभर डॉलर मिळाले, तत्त्व मात्र हातचे गेले. मार्बरीचाच डाव पुन्हा.

मॅकलॉक खटल्यात (१८१९) संघाच्या बँकेवर कर बसवण्याचा मेरीलँडचा कायदा आणि गिबन्स खटल्यात (१८२४) आगबोटींच्या वाहतुकीची न्यूयॉर्कने दिलेली मक्तेदारी त्याने रद्द ठरवली, हे पाठ्यपुस्तकात येतेच. पण तो सदा केंद्राच्याच बाजूने झुकला असेही नाही. १८३३ च्या बॅरन खटल्यात, घटनादुरुस्तीने दिलेले हक्क केवळ संघसरकारला बांधतात, राज्यांना नव्हे, असे त्याने ठरवले. त्या निकालाने सामान्य नागरिकाला आपल्याच राज्याविरुद्ध उघडे पाडले. ती उणीव भरून निघायला यादवी युद्ध, चौदावी घटनादुरुस्ती आणि पुढे अनेक दशके लागली.

आता त्याच्या आयुष्यातली सर्वांत कठीण घटका. जॉर्जिया राज्याला चेरोकी लोकांची जमीन हवी होती. १८३० मध्ये चेरोकी प्रदेशात घडलेल्या खुनाबद्दल जॉर्ज टॅसल या चेरोकी माणसाला जॉर्जियाच्या न्यायालयाने फाशी सुनावली. मार्शलने अपिलाची नोटीस काढली. जॉर्जियाने ती धाब्यावर बसवून त्याला फासावर चढवले. दोन वर्षांनी सॅम्युअल वूस्टर या मिशनऱ्याचे प्रकरण आले. परवाना न घेता चेरोकी भूमीत राहिल्याबद्दल त्याला चार वर्षे सक्तमजुरी झाली होती. जॉर्जियाने आपला वकीलसुद्धा पाठवला नाही. ३ मार्च १८३२ रोजी सत्तरी उलटलेल्या, नुकत्याच विधुर झालेल्या मार्शलने निकाल वाचला : चेरोकी हे स्वतःचा कारभार असलेले निराळे राष्ट्र आहे, त्यांच्या भूमीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत, वूस्टरला सोडावे.

जॉर्जियाने सोडले नाही. अध्यक्ष जॅक्सन हलले नाहीत. न्यायालयाचे सत्र संपले होते. पुढचा हुकूम काढायलाही नव्या सत्राची वाट पाहणे भाग होते. त्या वर्षअखेर साउथ कॅरोलायनाने संघाचा जकातीचा कायदाच झुगारला, तेव्हा जॅक्सन यांना एकाएकी संघाच्या कायद्याचा सन्मान आठवला. पडद्याआड हालचाली झाल्या आणि जानेवारी १८३३ मध्ये गव्हर्नरने वूस्टरला माफी देऊन सोडले. चेरोकींना मात्र काहीच मिळाले नाही. १८३८-३९ मध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात त्यांना घरांतून काढून शेकडो मैल पश्चिमेला हाकलण्यात आले. वाटेत आणि छावण्यांत हजारो दगावले. निकाल जिंकलेले लोक देशोधडीला लागले. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला हे मी लपवत नाही.

आणखी एक गोष्टही लपवता येत नाही. मार्शल गुलामांचा मालक होता. जुन्या चरित्रकारांनी हे ओझरते उल्लेखून सोडून दिले. अलीकडच्या संशोधकांनी हिशेबाच्या वह्या आणि करनोंदी धुंडाळून दाखवले की, आयुष्यभरात त्याच्या मालकीत शेकडो गुलाम होते. १८२५ च्या अँटिलोप जहाजाच्या खटल्यात गुलामांचा व्यापार निसर्गन्यायाच्या विरुद्ध आहे हे त्याने मान्य केले. पण राष्ट्राराष्ट्रांतील कायदा त्याला मना करीत नाही, असे सांगून तो थांबला. शिकागो आणि क्लीव्हलँड येथील विधी महाविद्यालयांनी अनुक्रमे २०२१ आणि २०२२ मध्ये आपल्या नावातून त्याचे नाव काढून टाकले. जहागिरदारांच्या मालमत्तेविषयी ज्याची लेखणी इतकी सूक्ष्म चाले, त्याला आपल्या अंगणात राबणारी माणसे दिसली नाहीत, हे वाचताना मला थांबावे लागले. ज्यांच्यापासून आपण शिकतो त्यांच्याकडून सर्वच घ्यायचे नसते.

६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फियात त्याचे देहावसान झाले. चौतीस वर्षे तो सरन्यायाधीश होता. सहा अध्यक्ष त्याने पाहिले. रिचमंडला पॉलीशेजारी त्याला पुरले. थडग्यावरील मजकूर त्याने स्वतः लिहून ठेवला होता : आईबापांची नावे, जन्म, विवाह आणि मृत्यूची तारीख. सरन्यायाधीश हा शब्द त्यात नाही.

मग त्या प्रश्नाचे उत्तर काय? मार्शलला जे तर्काने सिद्ध करावे लागले ते आपल्या घटनेच्या १३ व्या कलमात सरळ लिहिलेले आहे. राज्यांच्या आणि संघाच्या न्यायालयांतील भांडण आपल्याकडे उद्भवू नये म्हणून, राज्यव्यवस्था दुहेरी असूनही न्यायव्यवस्था एकसंध ठेवली आहे, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत समजावून दिले होते. सर्व अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करावे, असे १४४ वे कलम सांगते. पण कलम हे कागदावरच असते. जॉर्जियापुढेही कागद होताच.

१८३१ मध्ये काँग्रेसमध्ये २५ वे कलम रद्द करण्याचे विधेयक आले. ते मंजूर झाले असते तर मार्शलचे तीस वर्षांचे काम वाहून गेले असते. ते १३८ विरुद्ध ५१ मतांनी पडले. त्या १३८ जणांत सगळेच मार्शलचे चाहते नव्हते. पण तोवर तीस वर्षे या न्यायालयाने आपल्या प्रत्येक हुकुमामागची कारणे लोकांपुढे मांडली होती, आणि झेपेल तेवढाच हुकूम काढला होता. ही सवय देशाच्या अंगवळणी पडली होती. चेरोकींच्या वेळी ती अपुरी ठरली, कारण त्यांच्या बाजूने उभे राहणारे लोक पुरेसे नव्हते.

म्हणून हल्ली मी त्या विद्यार्थ्याला उत्तर देऊन खाली बसवत नाही. न्यायालयाचा हुकूम मानला गेला नाही तर न्यायालयाला फारसे काही करता येत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आणि मग उलट विचारतो की, अशा वेळी तू काय करशील? वर्गात थोडी शांतता पसरते. घंटा होते. पुढच्या तासाला आम्ही तेथूनच सुरुवात करतो.